सांगूनच निघ, पण तारीख बघून सांग

वाचकाचं पत्र

काका, नमस्कार. मी वाळूज एमआयडीसीत एका व्हेंडर कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. आम्ही साठेक जण आहोत, दुचाकीचे पार्ट बनवतो. १४ जून २०२१ ला लागलो. एकूण पगार २४,०००, त्यात बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १३,०००. आता चाकणच्या एका कंपनीत काम झालंय, ३३,००० सांगितलेत. त्यांचे एचआर म्हणतात, ८ जूनला हजर व्हा.

अडचण अशी की माझ्या नियुक्तीपत्रात दोन्ही बाजूंनी एक महिन्याची नोटीस लिहिलीय. पण आमच्या शेठचा स्वभाव वेगळा आहे. मागच्या वर्षी सीएनसी मशीनवरच्या मित्राने महिनाभर आधी सुपरवायझरला सांगितलं, चहाच्या टपरीवर. दुसऱ्या दिवशी त्याला गेटवरूनच परत पाठवलं आणि पगार तीन महिने लोंबकळत ठेवला. रूममेट म्हणतो, ७ तारखेचा पगार खात्यात पडू दे, फोन बंद कर आणि पुण्याची बस पकड. दुसरं म्हणजे बहिणीच्या लग्नात कंपनीकडून २०,००० उचल घेतली होती, त्यातले १२,००० फिटायचे आहेत. आणि ही नोकरी मामांनी लावलेली. शेठ त्यांच्या ओळखीचे. काय करू? आधी सांगू की गुपचूप निघू?

एक वाचक, बजाजनगर

उत्तर

काका म्हणालास म्हणून ‘तू’ म्हणतो, राग मानू नकोस.

उत्तर आधी देऊन टाकतो. सांगूनच निघ, लेखी सांग, आणि १५ जूनला सांग. त्याआधी एक दिवसही नको. तुझ्या पत्रातली सगळ्यात महागाची गोष्ट तू सहज लिहून गेलास आणि तिच्याकडे तुझंच लक्ष नाही. १४ जून २०२१ ला लागलास, म्हणजे १३ जून २०२६ ला तुझी पाच वर्षं भरतात. रूममेटचं ऐकून ७ तारखेला निघालास तर पाच वर्षांना सहा दिवस कमी पडतील. त्या सहा दिवसांची किंमत आहे ३७,५०० रुपये.

हे पैसे ग्रॅच्युइटीचे, म्हणजे नोकरी सोडताना इतक्या वर्षांच्या कामाबद्दल मालकाने द्यायच्या एकरकमी रकमेचे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या कारखान्यात सलग पाच वर्षं काढली की राजीनामा देऊन गेलास तरी ती मिळते. हिशेब सोपा आहे. शेवटचा बेसिक अधिक डीए, त्याला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, आणि जितकी वर्षं झाली तितक्या पटीत घ्यायचं. तुझे १३,००० धरले तर वर्षाचे ७,५०० होतात, पाच वर्षांचे ३७,५००. पूर्वी हे १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात होतं, आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. कायम कामगारासाठी पाच वर्षांची अट आणि पंधरा दिवसांचा हिशेब तसाच आहे. मुदतीच्या करारावर असलेल्यांना आता एका वर्षानंतरही हक्क आहे, पण तुझं पत्र वाचून तू कायम दिसतोस.

कुणी तुला सांगेल की चार वर्षं आणि २४० दिवस भरले तरी चालतं. मद्रास उच्च न्यायालयाने तसं मानलेलं आहे आणि पुष्कळ चांगल्या कंपन्या त्याप्रमाणे पैसे देतातही. पण ज्या शेठने पोराचा कमावलेला पगार तीन महिने अडकवला, तो तुला मद्रासचा निकाल वाचून चेक देईल का? भांडून मिळेल कदाचित. तू चाकणला दिवसपाळी-रातपाळी करणार, आणि तारखा इथे संभाजीनगरच्या कामगार कार्यालयात पडणार. सहा दिवस थांबून जे बिनबोभाट मिळतं त्यासाठी हा खटाटोप कशाला.

मात्र आज रात्री एक गोष्ट तपासून घे. वाळूजला पुष्कळ पोरं आधी ठेकेदाराच्या नावावर लागतात आणि सहा-आठ महिन्यांनी कंपनीच्या रोलवर येतात. पोरगा मनात पहिली तारीख धरून बसतो, कंपनी दुसरी धरते. तुझ्या नियुक्तीपत्रावर १४ जूनच आहे ना, ते बघ. मग पीएफचं पासबुक उघड आणि अगदी पहिला हप्ता कुठल्या आस्थापनेच्या नावाने पडलाय ते बघ. तिथे ठेकेदाराचं नाव निघालं तर वरचं सगळं गणित पुढे सरकेल, आणि मग मला पुन्हा लिही. कंपनीचंच नाव असेल तर पासबुक उतरवून स्वतःच्या मेलवर ठेव. पगाराच्या स्लिपा, नियुक्तीपत्र, पगारवाढीची पत्रं, उचल घेतल्याचा कागद हे सगळंही आत्ताच गोळा कर. राजीनामा दिल्यानंतर गेटच्या आत जायला मिळेल की नाही याची खात्री नसते. तुझ्या मित्राला विचार.

आता चाकणचं बघू. ८ जून ही त्यांची गरज आहे, कायदा नाही. एचआरचं कामच असतं लवकरात लवकरची तारीख मागणं. फोनवर ‘हो सर, हो सर’ करत बसू नकोस. मेल लिही: सध्याच्या कंपनीत एक महिन्याची नोटीस आहे, ती पूर्ण करून १५ जुलैला रुजू होतो. जी कंपनी तुला नोटीस न देता पळून ये म्हणते, तिच्या स्वतःच्या नियुक्तीपत्रात नोटिशीची अट असतेच, आणि तिथून निघताना ती तुझ्याकडून दिवसन्‌दिवस मोजून घेईल. क्वालिटीचा माणूस बघून घेतलेला असेल, मुलाखत झालेली असेल, तर पाच आठवड्यांसाठी सहसा कुणी नाही म्हणत नाही. घासाघीस करतील, ‘महिनाअखेर या’ म्हणतील. करू दे.

थांबण्यात तुझं जातं काय, तेही मोजू. ३३ आणि २४ यात नऊ हजारांचा फरक. ८ जून ते १४ जुलै म्हणजे ३७ दिवस. ११,००० च्या आसपास सोडावे लागतील. समोर ३७,५०० आहेत. शिवाय हे ३३,००० हातात येणार की सीटीसी, म्हणजे कंपनीला तुझ्यावर पडणारा एकूण खर्च, हे विचारलंस का? सीटीसीत कंपनीच्या वाट्याचा पीएफ असतो, ग्रॅच्युइटीची ४.८१ टक्क्यांची तरतूद असते, बोनस महिन्यावर वाटून घातलेला असतो, कुठे कॅन्टीन आणि बसही असते. मग हातात येणारा आकडा बघून माणूस गप्प होतो. त्यावर खोलीभाडं आणि मेस आहेच. बजाजनगरचा संसार चाकणला त्याच पैशात होत नाही. आणि ऑफर कुणाच्या लेटरहेडवर आहे, त्या कंपनीच्या की मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या? पाच वर्षं रोलवर काढलेल्या माणसाने पुन्हा ठेकेदाराकडे जायचं असेल तर ३३ चाही पुनर्विचार करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. ऑफर लेटर कंपनीच्या मेलवरून, पगाराच्या फोडीसकट, हातात येईपर्यंत इथे तोंडातून एक शब्द काढू नकोस. ‘काम झालंय’ हे फोनवरचं वाक्य आहे. फोनवरच्या वाक्यावर राजीनामा देऊन दोन्हीकडून बाहेर पडलेली पोरं मी पाहिलेली आहेत.

समजा चाकणवाले अडून बसले, १५ जुलै नाही म्हणजे नाहीच, तर मधला रस्ता आहे. १५ जूनला राजीनामा दे, नोटीस न भरता तिचा पगार भरून दे, आणि १७ तारखेला तिकडे हजर हो. नोटिशीच्या बदल्यात पगार हा प्रकार कारखान्यांच्या आदर्श स्थायी आदेशांतही, म्हणजे नोकरीच्या नमुना अटींतही, पूर्वीपासून आहे. भरपाई बेसिकवर धरायची की एकूण पगारावर, हे नियुक्तीपत्रात बघ. अगदी एकूण धरली तरी २४,००० जातील आणि ३७,५०० येतील. आठवडाभर तर चाकणची कंपनी थांबेलच. आठवडाही थांबत नसेल तर तिला माणूस नको आहे, उद्याच्या पाळीला हात हवे आहेत.

आता तुझ्या मित्राची गोष्ट. त्याने आधी सांगितलं म्हणून त्याचं नुकसान झालं, असं तुझा रूममेट म्हणतो. मला ते पटत नाही. त्याने टपरीवर सांगितलं. कागद नाही, तारीख नाही, पोच नाही. सुपरवायझरने वर जाऊन काय सांगितलं कुणास ठाऊक. शेठच्या दृष्टीने एक पोरगा दुसऱ्या दिवसापासून ‘येईना झाला’. मस्टरवर गैरहजेरी लागली असेल, आणि त्या गैरहजेरीच्या आडून पगार अडवायला वाव मिळाला असेल. उलट कागद असता की ‘मी महिनाभर काम करायला तयार आहे, अमुक तारीख माझी शेवटची’, तर त्याला गेटवर अडवण्याचा निर्णय शेठचा ठरला असता, आणि नोटीस न दिल्याबद्दल पैसे कापायला जागाच उरली नसती. नोटीस ही शेठवर मेहेरबानी म्हणून द्यायची नसते. तू कधी, कसा आणि कुणाच्या मर्जीने बाहेर पडलास याचा तुझ्याकडचा तो एकमेव पुरावा असतो.

तुझा शेठही तुला त्याच दिवशी बाहेर काढेल, असं धरूनच चाल. म्हणूनच तर १५ जून. मे महिन्यातच नोटीस दिली तर ती बरोबर पाच वर्षांच्या आसपास संपेल असं वाटतं, आणि कागदावर गणित छान बसतंही. पण त्याने मधेच हिशेब करून टाकला तर पुन्हा चार वर्षं अकरा महिने आणि मद्रासचा निकाल. १४ जूनला रविवार आहे. सोमवारी सकाळी दिलास की तो तुला सोमवारी दुपारी काढो नाहीतर महिनाभर ठेवो, पाच वर्षं भरलेली असतील.

राजीनामा चार ओळींचा असावा. त्यात शेठचा उद्धार नको, पगारवाढ न झाल्याचं रडगाणं नको आणि नव्या कंपनीचं नाव तर मुळीच नको. असं लिही:

‘मी दि. १४ जून २०२१ पासून आपल्या कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून काम करत आहे. वैयक्तिक कारणामुळे मी राजीनामा देत आहे. नियुक्तीपत्रातील अटीप्रमाणे आज दि. १५ जून २०२६ पासून एक महिन्याची नोटीस देत असून दि. १४ जुलै २०२६ हा माझ्या कामाचा शेवटचा दिवस राहील. तोपर्यंत नेमून द्याल त्या माणसाकडे काम सोपवीन. माझ्याकडील उचलीची शिल्लक रक्कम रु. १२,००० अंतिम हिशेबातून वळती करून घ्यावी. ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचा पगार व अनुभव प्रमाणपत्र मिळावे, ही विनंती.’

उचलीचा आकडा त्या दिवशी जो असेल तो घाल. जूनच्या पगारातून हप्ता कापला गेला असेल तर तो वजा करून. दोन प्रती काढ. एकीवर ‘मिळाले’ लिहून सही आणि तारीख घे, आवक शिक्का असेल तर तोही. सही करायला कुणी तयार होत नसेल तर वाद घालू नकोस. त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठव, पावती जपून ठेव, आणि कंपनीच्या मेलवर फोटो टाक. व्हॉट्सॲप एकट्यावर विसंबू नकोस.

हे वाचून एखाद्या खासगी शाळेतले गुरुजी मनात म्हणतील की आमचं काय. त्यांच्यासाठी दोन ओळी, कारण तशी पत्रंही येतात. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त खासगी शाळेत तुमचा कायदा निराळा आहे. १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याप्रमाणे राजीनामा दोन प्रतींत, सही-तारखेसह लिहून एक प्रत नोंदणीकृत टपालाने संस्थेकडे पाठवायची असते, आणि नियमांप्रमाणे कायम कर्मचाऱ्याला तीन कॅलेंडर महिन्यांची नोटीस लागते, कायम नसलेल्याला एका महिन्याची. संस्थाचालकाने केबिनमध्ये बसवून घेतलेला बिनतारखेचा राजीनामा हा वेगळा, आणि फार वाईट विषय आहे. त्यावर स्वतंत्र लिहीन.

तुझ्याकडे परत. उचलीबद्दल तू संकोचून लिहिलंस, पण गुपचूप न जाण्याचं माझ्या लेखी तेच सगळ्यात मोठं कारण आहे. आज तुझ्या शेठकडे तुझ्याविरुद्ध सांगण्यासारखं काही नाही. १२,००० ठेवून फोन बंद केलास तर त्याला एक खरं वाक्य मिळेल, ‘उचल घेऊन पळाला’. आपल्याकडे त्या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ऊसतोडीची टोळी उचल घेऊन कारखान्यावर गेली नाही तर मुकादम गावात येऊन काय तमाशा करतो, ते तू पाहिलं असशील. ते वाक्य तुझ्या मामांच्या दारात जाईल, तिथून भावकीत, आणि पुढच्या वर्षी तुझ्यासाठी स्थळ बघायला निघाले की पाहुण्यांच्या कानावर. शेठ तुझा पगार बुडवो न बुडवो, उचलीतून तू स्वच्छ बाहेर पड. पगारातून उचल वळती करून घेणं कायद्यातही बसतं, त्यामुळे लेखी तूच सांगितलंस की विषय मिटतो.

मामांना आधी सांगायला हवं. शेठच्या तोंडून त्यांना कळता कामा नये. पण आज सांगू नकोस. मामा चांगलेच असतील, पण ओळखीचा माणूस भेटला की ‘पोरगं पुण्याला निघालं बरं का’ हे निघून जातंच तोंडातून. रविवारी १४ जूनला गावी जा, समोर बसून सांग, राजीनाम्याची प्रत दाखव, उचलीची ओळ दाखव. मामा आधी रागावतील. प्रत वाचली की म्हणतील, बरं झालं लिहून दिलंस. तेही नाही म्हणाले तरी चालेल. त्यांना दुसऱ्याकडून कळलं नाही, एवढं पुरे.

सोमवारी सुपरवायझरलाही कागद देण्याच्या आधी दोन मिनिटं बाजूला घेऊन सांग. पाच वर्षं त्याच्या हाताखाली काढलीस. पुढे चाकणच्या कुणी चौकशीचा फोन केला तर बहुधा तोच उचलेल. इथल्या आणि तिथल्या क्वालिटीवाल्यांच्या ओळखी तुला वाटतात त्यापेक्षा दाट आहेत. बजाजचा कारखाना १९८५ ला वाळूजला आला, त्याच्यामागे व्हेंडर आले, आणि त्या व्हेंडरांकडे शिकलेली दोन पिढ्यांची पोरं आज चाकण-भोसरीला पसरलेली आहेत.

शेठच्या बाजूनेही एक सांगतो, नाहीतर तू म्हणशील काका एकतर्फी बोलतात. साठ माणसांच्या कारखान्यात क्वालिटीचा एक माणूस अचानक गेला तर लॉट अडकतो, कस्टमरचं ऑडिट तोंडावर असेल तर मालकाची झोप उडते. तपासणी न होता माल गेला आणि परत आला तर त्याचा भुर्दंड तुझ्या महिन्याच्या पगाराच्या कितीतरी पट असतो. म्हणून महिनाभराची मुदत मागणं यात गैर काही नाही. गावाकडे सालगड्याचं साल पाडव्याला फिरतं. रहायचं नसेल तर गडी पाडव्याच्या आधी सांगतो, ऐन सुगीत बैल सोडून कुणी जात नाही, आणि मालकही मधेच गड्याला हाकलून दाणे अडवत नाही. तुझ्या शेठने दुसरी बाजू पाळली नाही म्हणून तू पहिली मोडावीस, असं मला वाटत नाही. त्याने जे केलं ते त्या पोराशी केलं. तुझ्याशी काय करतो ते त्याला करू दे.

आता तो काय काय करू शकेल? एक, चिडेल. चिडू दे, उत्तर देऊ नकोस. दोन, म्हणेल चार हजार वाढवतो, थांब. हा मोह मोठा असतो. माझं मत विचारशील तर नको. पाच वर्षं जे सुचलं नाही ते राजीनामा बघून सुचलं, आणि तुझ्या जागी दुसरा तयार होईपर्यंतच ते सुचलेलं राहील. पण घरची अडचण असेल आणि वाढ पत्रावर लिहून मिळत असेल तर विचार कर. त्यात लाज नाही. तीन, म्हणेल आजच निघ. तर शांतपणे नो ड्यूज, म्हणजे देणंघेणं मिटल्याचा कागद, मागून घे. तुझ्या नावावरचा व्हर्नियर, मायक्रोमीटर, गेज, ओळखपत्र, लॉकरची किल्ली, जे असेल ते यादी करून परत दे आणि यादीवर सही घे. कंपनीची ड्रॉइंग, कस्टमरचे रिपोर्ट मोबाइलमध्ये असतील तर पुसून टाक. ‘शिकायला उपयोगी पडतील’ म्हणून नेलेली एक फाइल उद्या तुझ्याच गळ्यात येईल.

आणि चार, पैसे अडवेल. इथे आता तुझ्या हातात पूर्वीपेक्षा जास्त आहे. वेतन संहिता २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीय, आणि तिच्यात राजीनामा दिलेल्याचा देय पगार दोन कामाच्या दिवसांत द्यावा असं म्हटलंय. दोन दिवसांत वाळूजचा कुठला शेठ देईल असं मी मानत नाही, पण पंधरा दिवसांनी तू मेल लिहिशील तेव्हा ‘देतो की रे’ ऐवजी हा नियम समोर ठेवता येतो. ग्रॅच्युइटीला तीस दिवसांची मुदत आहे, उशीर झाला तर व्याज लागतं. नोटीस पूर्ण केली नाही या कारणावरून ग्रॅच्युइटी जप्त करता येत नाही; त्यासाठी कंपनीचं नुकसान करणं, मारामारी असल्या कारणांनी कामावरून काढलेलं असावं लागतं. न घेतलेल्या रजेचे पैसेही माग. कारखान्यात वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा लागते, हे पुष्कळांना माहीतच नसतं. २०२५-२६ या वर्षाचा बोनस दिवाळीत वाटला जाईल तेव्हा तू तिथे नसशील, म्हणून तो बुडाला असं समजू नकोस. ते वर्ष तू पूर्ण भरलंयस. दिवाळीच्या आधी एक आठवणीचा मेल टाक.

एवढं करूनही महिना उलटला आणि हातात काही नाही, तर संभाजीनगरला कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात अर्ज दे. सोबत राजीनाम्याची पोच, पासबुक, स्लिपा. बऱ्याचदा तिथून एक पत्र आलं की शेठच्या अकाउंटंटला फाइल सापडते.

पीएफ काढू नकोस, नव्या कंपनीत तोच यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) दे आणि जुनं खातं वर्ग करून घे. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख टाकली नाही तर शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी पोर्टलवर ती तुला स्वतःला टाकता येते. मात्र गुपचूप पळालेल्या पोरांचा इथे घोळ होतो: जुनी कंपनी दोन महिन्यांनी भलतीच तारीख टाकते, नव्या कंपनीत रुजू झाल्याची तारीख तिच्या आधीची निघते, दोन नोकऱ्या एकमेकींवर चढलेल्या दिसतात आणि खातं वर्ग होताना खुलासा द्यावा लागू शकतो. रूममेटला हे माहीत नसणार.

आता हे सगळं कुणाला लागू नाही, तेही सांगतो. जिथे दोन-दोन महिने पगारच होत नाही, जिथे प्रेसला गार्ड नाही आणि बोटं जातायत, जिथे बाईमाणसाला त्रास दिला जातो, तिथे महिनाभर थांबण्याचा सल्ला मी कुणालाही देणार नाही. त्याच दिवशी बाहेर पडा. पण तिथेही राजीनामा लेखीच द्या, आणि कारण स्पष्ट लिहा. तिथे ‘वैयक्तिक कारण’ लिहायचं नाही. तुझं तसं काही नाही. तुझा शेठ कंजूष आणि तापट आहे, एवढंच.

तर आज चाकणच्या एचआरला मेल कर, फोन नको. पगाराची फोड आणि ऑफर लेटर माग, १५ जुलै कळव. पासबुकातला पहिला हप्ता बघ. आणि रूममेट विचारेल तेव्हा म्हण, अजून काही ठरलं नाही.